साखरेचे सोबती

आमचे कोडोली गाव पन्हाळा तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात आहे. एका अंगाला पन्हाळा-जोतिबाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगाला नजर पोचेल तिथपर्यंत ऊस. शेजारीच वारणानगर. तात्यासाहेब कोरे यांनी शेतकऱ्यांना हाताशी धरून सहकारी साखर कारखाना उभा केला तो इथेच. त्याच्या मागोमाग दूध संघ आला, बाजार आला, शाळा-कॉलेजे आली, मुलांचा वाद्यवृंद आला. गळीत हंगाम सुरू झाला की रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या वाऱ्याबरोबर मळीचा वास येतो. परगावचा माणूस नाक मुरडतो. आम्हाला मात्र त्या वासानेच झोप लागते.

अशा गावच्या माणसाला कुणी 'आता गोड बंद' म्हणून सांगणे म्हणजे पंढरपूरच्या माणसाला विठ्ठलाचे नाव घेऊ नको म्हणण्यासारखेच! दोन वर्षांपूर्वी, दिवाळी आठ-दहा दिवसांवर आलेली असताना, मला तसे सांगण्यात आले. त्यानंतर जे घडले ते आज मोकळेपणी सांगावेसे वाटते. कारण वाचकहो, हा आजार आता कुणा एकाच्या घरचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार आपल्या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. हा अंक ज्या घरांत जाईल, त्यांतल्या पुष्कळ घरांत हा पाहुणा आधीच येऊन बसलेला असणार.

'उपवास आहे'

मी कोल्हापूरला एका कचेरीत हिशेबनीस आहे. रोज सकाळी कोडोलीहून एसटीने जायचे आणि दिवेलागणीला परतायचे, हा माझा वीस वर्षांचा क्रम. त्या वर्षी कचेरीत आरोग्य तपासणी झाली. सगळ्यांनी रक्त दिले म्हणून मीही दिले. दोन दिवसांनी हातात कागद पडला : उपाशीपोटी १९८, जेवणानंतर ३१२ आणि गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी 'एचबीएवनसी' नावाची जी तपासणी असते, ती ९.६. उपाशीपोटीचा आकडा १२६ किंवा त्यावर, अथवा ही सरासरी ६.५ किंवा त्यावर गेली की मधुमेह समजतात, असे डॉक्टरांनी सांगितले. गोळ्या लिहून दिल्या. बाहेर पंधरा माणसे थांबली होती. चार-पाच मिनिटांत माझी पाळी संपली.

मी जिना उतरलो तेव्हा पाय कापत होते. माझ्या डोळ्यांपुढे माझी आत्या उभी राहिली. मी शाळेत असताना तिच्या पायाला साधी ठेच लागली होती. ठेचेची जखम झाली, जखम चिघळली आणि अखेर गुडघ्याखाली पाय कापावा लागला. पुढे ती दोनच वर्षे जगली. 'साखरेने खाल्ले तिला,' एवढेच आमच्या घरात बोलले जाई, आणि तेही दबक्या आवाजात.

मी तो कागद घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला आणि घरी कुणाला काही बोललो नाही. घरी सौ. चकल्यांची भाजणी दळून आणण्याच्या गडबडीत होती. आईने अनारशांचे पीठ भिजवले होते. अशा वेळी काय सांगायचे? आणि सांगितले तर आईला आत्याच आठवणार! मग मी काय केले असेल? सगळी दिवाळी मी लाडू, करंज्या आणि अनारसे नेहमीपेक्षा दोन जास्तच खाल्ले, कुणाला संशय येऊ नये म्हणून! गोळ्या मात्र मोरीत जाऊन चोरून घेत होतो. सरकारी पैशांचा अपहार केलेल्या माणसाचीसुद्धा इतकी ओढाताण होत नसेल.

दिवाळी झाली. एका मंगळवारी संध्याकाळच्या गाडीत नेहमीच्या प्रवाशांपैकी एकाने पेढे वाटले. त्याची मुलगी पोलीस भरतीत निवडली गेली होती. माझ्यापुढे पुडा आला. मी हात जोडून म्हणालो, "माफ करा, आज उपवास आहे."

पेढेवाला पुढे गेला. मागच्या बाकावरून एक ओळखीचा आवाज आला.

"सोमवार तर काल झाला. मंगळवारी उपवास तू कधीपासून धरायला लागलास?" आणि मग अगदी हळू, माझ्या कानाशी : "किती आली?"

किती आली?

मागे गुरुजी बसले होते. सातवीत त्यांनी मला इतिहास शिकवला होता. निवृत्त होऊनही त्यांना बरीच वर्षे झाली होती. "किती आली?" या दोन शब्दांचा अर्थ ज्याला कळतो, तो आपल्यातला, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचा दगड हलल्यासारखे झाले.

"उपाशीपोटी एकशेअठ्ठ्याण्णव," मी पुटपुटलो.

"बरं. माझी पहिल्यांदा दोनशेसाठ आली होती. त्याला बावीस वर्षं झाली. उद्या पहाटे सहाला वारणानगरच्या रस्त्यावर ये. आणि हो, घरी सांगितलंस का?"

मी मान हलवली. गुरुजींनी शाळेत वापरायचे त्या नजरेने माझ्याकडे पाहिले. "चोरून घेतलेलं औषध अर्धंच लागू पडतं. आज रात्री सांग."

रात्री जेवणे झाल्यावर मी कागद काढून सौ.पुढे ठेवला. मला वाटले होते, ती रडेल. तिने आकडे वाचले, तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि म्हणाली, "म्हणजे सगळी दिवाळी मी ताटात लाडू वाढत होते आणि तुम्ही मुकाट्याने खात होता? मला इतकी परकी समजलात?" तिला आजाराचे दुःख कमी झाले आणि लपवाछपवीचे अधिक. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आत्यानंही शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं रे. जखम दिसली तेव्हाच आम्हाला कळलं." आत्याचा पाय साखरेने नेला, तसा तो मौनानेही नेला, हे इतक्या वर्षांनी माझ्या ध्यानात आले.

गव्हाणीपुढच्या गाड्या

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला रस्त्यावर चार माणसे उभी होती. गुरुजी. एक ऊस बागायतदार, ज्यांना सगळे 'आबा' म्हणतात. अंगणवाडीत काम करणाऱ्या एक अक्का. आणि वारणानगरच्या कॉलेजात शिकणारी एकोणीस वर्षांची एक मुलगी. तिला पाहून मला वाटले, ही कुणाला तरी सोडायला आली असावी. पण अनुभवाच्या हिशेबाने माझ्यापेक्षा तीच दहा वर्षांनी ज्येष्ठ होती! नऊ वर्षांची असल्यापासून ती रोज इन्सुलिन टोचून घेत होती.

या मंडळींच्या मेळाव्याला नाव नाही, पावतीपुस्तक नाही आणि अध्यक्षही नाही. आबा थट्टेने म्हणतात, "गावात साखर कारखाना सहकारी, दूध सहकारी, बाजार सहकारी, मग साखरेचा रोगच तेवढा खाजगी कशापायी?" थट्टेतले हे वाक्य मला पुढे फार उपयोगी पडले.

त्या वेळी हंगाम नुकताच सुरू झाला होता. रस्त्याने उसाने भरलेले ट्रॅक्टर कारखान्याकडे चालले होते, मधूनच एखादी बैलगाडी. मी आबांना विचारले, "हा आजार म्हणजे नेमकं होतं काय हो? डॉक्टरांनी सांगितलं, पण डोक्यात शिरलं नाही."

आबांनी रस्त्याकडे हात केला. "ह्ये बगा की सायेब. ऊस आलाय, गाड्या वावरात न्हाईत, यार्डात उभ्या हायत. पर गव्हाण बंद. मग काय व्हनार? कारखाना उपाशी आन् यार्डात गर्दी. तसंच हाय आपलं. साखर रक्तात उभी, आन् अंग म्हनतंय भूक लागली!"

ज्या गव्हाणीत मोळी टाकून हंगामाचा शुभारंभ होतो, तिच्यावरून आबांनी सारे शरीरशास्त्र समजावले. खाल्लेल्या अन्नाची साखर रक्तात येते. तिला पेशींच्या आत घेण्याचे काम स्वादुपिंडातून सुटणाऱ्या इन्सुलिनमुळे होते. माझ्यासारख्या मध्यमवयीन माणसाचे इन्सुलिन असते, पण पेशी त्याला दाद देत नाहीत आणि पुढे ते पुरेही पडेनासे होते. कॉलेजातल्या मुलीची गोष्ट वेगळी. तिच्या शरीराच्या संरक्षक शक्तीनेच चुकून इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट केल्या. त्यात तिने काय खाल्ले याचा काडीमात्र संबंध नाही. "लहानपणी चॉकलेटं फार खाल्ली असशील," असे तिला आजही कुणीतरी म्हणते, आणि प्रत्येक वेळी तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी येते.

"आणि चालायचं कशाला?" मी विचारले. या वेळी उत्तर तिने दिले. चालताना स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. म्हणजे गव्हाणीला दुसरे दार उघडते. आपल्या पूर्वजांना हे अनुभवाने कळले होते. लघवीला उसाच्या रसासारखी गोडी येते त्या विकाराला त्यांनी 'इक्षुमेह' असे नाव दिले होते. सुश्रुतसंहितेत तर निर्धन रोग्याला शंभर योजने पायी चालण्याचा आणि विहीर खणण्याचा उपाय सांगितला आहे. त्यात पायात वहाण घालू नये असेही म्हटले आहे. तेवढे मात्र आज कुणी ऐकू नये! या आजारात पायाची संवेदना कमी होते, काटा रुतलेला कळत नाही. आबा दर चैत्रात जोतिबाला अनवाणी जात. आता ते बूट-मोजे घालून जातात. "देव पायातलं बगत न्हाई, पायापतुर आलेलं बगतो," हा त्यांचा खुलासा.

पण मी तर सडपातळ!

माझे एक मोठे गाऱ्हाणे होते : मी जाड नाही, मग मलाच का? गुरुजींनी मला पुण्याची एक हकीकत सांगितली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक छायाचित्रासह लेख २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, निर्देशांक २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! आपण वरून हडकुळे दिसलो तरी आतून, विशेषतः पोटात, चरबी बाळगून असतो. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मणाऱ्या बाळांमध्येही डॉ. याज्ञिकांना हेच आढळले : वजन कमी, पण त्या मानाने चरबी जास्त. तेव्हा 'मी सडपातळ आहे' हे समाधान आपल्याकडे फारसे कामाचे नाही. हे ऐकून मी धाकट्या भावाला तपासणी करायला लावली. तो उंबरठ्यावर निघाला आणि वेळीच सावध झाला.

गूळ चालतो काय?

मधुमेह झाल्याचे गावाला कळले की उपायांचा पाऊस पडतो. कुणी कारल्याचा रस सांगतो, कुणी जांभळाच्या बियांची पूड. कोल्हापूरकडचा खास उपाय म्हणजे : "साखर सोडा, गूळ चालतो. गूळ काय, जमिनीचा!" कोल्हापुरी गुळाचा अभिमान कुणाला नाही? मलाही हे पटले होते आणि मी गुळाचा चहा सुरू केला होता.

कॉलेजकन्येने वाद घातला नाही. तिने पिशवीतून साखर मोजायचे छोटे यंत्र काढले. एका रविवारी सकाळी माझे बोट टोचले : १३८. मग मला गुळाचे दोन कप चहा पाजले आणि तासाभराने पुन्हा टोचले : २०६. "काका, रक्ताला गूळ आणि साखर यांतला फरक कळत नाही," ती म्हणाली. पाच मिनिटांच्या व्याख्यानाने जे झाले नसते, ते त्या दोन आकड्यांनी केले. आबांचा चेहरा मात्र पडला. "म्हंजे पिकवायचा आमी, गाळायचा आमी, आन् बगत बसायचं बी आमीच!"

अक्कांची अडचण आणखी निराळी. घरात सात माणसे. सगळ्यांचे झाल्यावर उरलेला भात आणि कालची चपाती हेच त्यांचे जेवण. "माझ्यासाठी वेगळं कोण करणार? आणि मी करून घेतलं तर म्हणतील, हिची थेरं सुरू झाली," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी दिलेला आहाराचा छापील तक्ता त्यांनी देवघरात ठेवला होता. जणू त्याची पूजा केली की झाले! यावर गुरुजींनी तोडगा काढला तो साधा होता. वेगळे करायचेच नाही. सगळ्या घरानेच भात कमी करून ज्वारीची भाकरी, भाजी, उसळ, कोशिंबीर वाढवायची. हे सांगायला गुरुजी स्वतः त्यांच्या घरी गेले. अक्कांचे यजमान त्यांचे जुने विद्यार्थी. त्यांची 'नाही' म्हणायची प्राज्ञा नव्हती. आमच्या घरीही तीच व्यवस्था झाली. सौ. म्हणते, "एकाच्या आजाराने चौघांची पोटं सुधारली."

फ्लॉरेन्सहून परत

आबांना डॉक्टरांनी इन्सुलिन घ्यायला सांगितले होते. सहा महिने ते टाळत होते. "सुई लागली म्हंजे संपलं, ह्ये आमाला ठावं हाय," असे त्यांचे म्हणणे. तेव्हा एका सकाळी चालता चालता गुरुजींनी जी गोष्ट सांगितली, ती मी कधीच विसरणार नाही.

शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात रॉबर्ट लॉरेन्स नावाचा तरुण डॉक्टर होता. शस्त्रक्रियेचा सराव करताना हाडाची कपची त्याच्या डोळ्यात उडाली. त्या आजारपणात त्याला मधुमेह असल्याचे निघाले. साल १९२०. तेव्हा यावर औषध नव्हते. अर्धपोटी राहून मरण लांबवायचे, एवढाच उपाय. आपले मरण घरच्यांना पाहावे लागू नये म्हणून तो इटलीत फ्लॉरेन्सला निघून गेला आणि तिथे एकटा राहू लागला.

इथे गुरुजींनी क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिले. कागद बॅगेत लपवणारा मी मान खाली घालून चालत राहिलो.

इकडे कॅनडातल्या टोरांटो शहरी फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी १९२१ साली जनावरांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या मरणोन्मुख मुलाला तो टोचला. पहिल्या प्रयत्नात यश आले नाही. अर्क अधिक शुद्ध करून पुन्हा टोचला आणि मुलगा तरला. तेच इन्सुलिन. त्याचे पेटंट संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले. १९२३ च्या मे महिन्यात लॉरेन्सला लंडनच्या मित्राचा निरोप आला की इन्सुलिन मिळाले आहे, ते लागू पडते, ताबडतोब ये. तो थकलेला माणूस मोटार घेऊन युरोपभर प्रवास करीत लंडनला पोचला. सुई घेतली, आणि त्यानंतर १९६८ पर्यंत जगला! पुढे तो मधुमेहाचा मोठा तज्ज्ञ झाला. प्रसिद्ध लेखक एच. जी. वेल्स त्याचे रोगी. या दोघांनी मिळून १९३४ साली मधुमेहींचा संघ काढला. रोग्यांनी रोग्यांना मदत करायची, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे मुंबईत डॉ. श्री. शां. आजगावकर यांच्या पुढाकाराने मधुमेहींसाठी अखिल भारतीय संघ स्थापन झाला तो १९५५ साली. वारणेच्या काठी साखर कारखान्याची जुळवाजुळव झाली तेच दशक ते!

"सुई लागली म्हणजे संपलं नाही, आबा. सुई मिळाली म्हणून तो पंचेचाळीस वर्षं जगला," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आबांच्या पडवीत कॉलेजकन्येने आपला सदरा किंचित वर करून पोटावर सुई टोचून दाखवली. "बघा आबा, डास चावल्यासारखं." सत्तरीकडे झुकलेला तो रांगडा माणूस त्या पोरीसमोर डोळे मिटून बसला आणि टोचून झाल्यावर म्हणाला, "झालं व्हय?" मग आम्ही सारे किती हसलो! डॉक्टरांना जे सहा महिन्यांत साधले नव्हते ते त्या मुलीने पाच मिनिटांत साधले. कारण डॉक्टरांनी ती सुई स्वतःला कधी टोचली नव्हती.

हे केवळ आमच्याच गावचे नवल आहे असे नाही. २०१० साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २४४ मधुमेही माजी सैनिकांचे दोन गट केले. एका गटावर परिचारिकांनी देखरेख ठेवली. दुसऱ्या गटातल्या रोग्यांच्या जोड्या लावल्या आणि आठवड्यातून एकदा एकमेकांशी फोनवर बोलायला सांगितले. सहा महिन्यांनी पाहिले तर परिचारिकांच्या गटाची सरासरी ७.९३ वरून ८.२२ वर चढली होती. जोड्यांच्या गटाची ८.०२ वरून ७.७३ वर उतरली होती. आमच्याही जोड्या आहेत. माझी जोडी आबांशी. रोज रात्री नऊला त्यांचा फोन येतो : "पाय बगितलं का सायेब?" मी मग आरशात तळपाय पाहतो.

एकादशीची सकाळ

आता एक प्रसंग सांगतो. गेल्या वर्षी आषाढी एकादशीला पहाटे गुरुजी आले नाहीत. आम्ही म्हटले, उपवास आहे, देवदर्शनाला गेले असतील. पण कॉलेजकन्या चालायला तयार होईना. "काल दशमीला एकवेळच जेवणार म्हणाले होते. गोळी बंद केली होती का, कुणी विचारलं?" कुणीच विचारले नव्हते. बावीस वर्षांच्या अनुभवी माणसाला कोण विचारणार?

आम्ही त्यांच्या घरी गेलो. काकू देवळात गेल्या होत्या. गुरुजी खुर्चीत बसले होते. सदरा घामाने चिंब झालेला, हात थरथरत होते आणि ते मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारत होते. मी घाबरून गेलो. मला वाटले, अर्धांगाचा झटका असावा. ती मुलगी मात्र सरळ स्वयंपाकघरात शिरली आणि तीन चमचे साखर पाण्यात ढवळून घेऊन आली. गिळता येते आहे याची खात्री करून तिने घोट घोट पाजले, पंधरा मिनिटांनी साखर मोजली, पुन्हा थोडी दिली. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तडक रुग्णालय गाठायचे, हेही तिने आम्हाला त्याच वेळी बजावले. अर्ध्या तासात गुरुजी सावध झाले आणि मला माझ्या नावाने ओळखू लागले.

काही गोळ्या पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात. रात्री जेवण नाही, पहाटे फराळ नाही आणि गोळ्या मात्र दोन्ही वेळच्या घेतलेल्या. साखर वाढल्याने माणूस वर्षानुवर्षे झिजतो. उतरल्याने तासाभरात जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी गुरुजी वेळेवर हजर होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून, वर्गात उभे राहावे तसे, ते म्हणाले, "बावीस वर्षांत मला वाटायला लागलं होतं की मला सगळं येतं. काल मी नापास झालो. उपवासापूर्वी डॉक्टरांना विचारायचं असतं, ते मी विचारलं नाही." मग त्या मुलीकडे वळून त्यांनी हात जोडले. ती बिचारी इतकी संकोचली की पळतच पुढे गेली. तेव्हापासून आम्हा सर्वांच्या खिशात साखरेची पुडी असते. साखरेचा रोग आणि खिशात साखर! नवख्याला हसू येईल. आम्हाला येत नाही.

ताटातली करंजी

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहिणीकडे गेलो. ओवाळून झाल्यावर तिने ताट पुढे केले. ताटात चकली, थोडा चिवडा आणि एकच करंजी होती. "वहिनीला विचारूनच वाढलंय," ती म्हणाली. "एक खायची. पण खायचीच." मी ती करंजी सावकाश खाल्ली. आदल्या वर्षी चोरून-लपून खाल्लेल्या दहा करंज्यांची चव मला आठवत नाही. त्या एका करंजीची अजून जिभेवर आहे. रात्री भाकरी निम्मी घेतली आणि पहाटे चालायला गेलो, इतकेच.

माझी सरासरी आता ६.८ आहे. गोळ्या चालू आहेत; त्या बंद करण्याचा निर्णय माझा नव्हे, डॉक्टरांचा. वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड तपासून घेतो. आजार गेलेला नाही. तो घरात राहायला आला आहे आणि त्याची सवय झाली आहे. दर १४ नोव्हेंबरला, म्हणजे आपल्याकडच्या बालदिनी, जगभर मधुमेह दिन पाळतात. तो बँटिंगचा जन्मदिवस. त्या सकाळी आम्ही कॉलेजकन्येला तिच्या आवडीचे पुस्तक देतो. आमच्यात वयाने सगळ्यांत लहान आणि अनुभवाने माझ्याहून मोठी तीच.

गेल्याच आठवड्यातली गोष्ट. संध्याकाळच्या गाडीत कुणीतरी नव्या मोटारसायकलचे पेढे वाटत होते. माझ्या पुढच्या बाकावर पस्तिशीचा एक तरुण बसला होता. पुडा आला तसा त्याने घाईघाईने हात जोडले. "नको, नको. आज उपवास आहे," तो म्हणाला. त्या दिवशी बुधवार होता.

मी जरा पुढे वाकलो आणि हळूच विचारले, "किती आली?"